तोंडात वाढणारी पिल्लं : घरच्या टँकमध्ये येलो लॅबची पैदास

उजनीच्या काठावर तळलेली चिलापी खाणाऱ्याची आफ्रिकन सिक्लिडशी ओळख झालेलीच असते, फक्त ताटात. चिलापी म्हणजे तिलापिया, सिक्लिड या मत्स्यकुळातलाच मासा. त्यातली मोझांबिक जात भारतात १९५२ साली आणली गेली आणि धरणांतून अशी पसरली की आता ती परदेशी वाटतही नाही. तिच्या या यशामागे एक युक्ती आहे: मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. मत्स्यालयाच्या दुकानात ‘येलो लॅब’ म्हणून मिळणारा पिवळाधमक बोटभर मासा हीच युक्ती वापरतो. आफ्रिकन सिक्लिडची घरी पैदास करायची असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी.

त्याचं शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलिअस. गंमत म्हणजे सेरुलिअस या लॅटिन शब्दाचा अर्थ निळा. जेफ्री फ्रायर यांनी १९५६ मध्ये या जातीचं वर्णन केलं ते पिवळ्या माशांवरून नव्हे. आज सगळीकडे दिसणारा पिवळा प्रकार मलावी सरोवराच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका लहानशा पट्ट्यातला आहे. हे सरोवर साडेपाचशे किलोमीटरांहून लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल, मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून. त्याच्या काठच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना तिथल्या टोंगा भाषेत ‘मबुना’ म्हणतात. येलो लॅब हा त्यातलाच, पण मबुनांच्या मानाने शांत.

खडकांच्या त्या वस्तीत गर्दी प्रचंड, आणि अंडी समोर दिसली की ती खाल्ली जाणारच. म्हणून या माशांनी संख्येवरचा भरवसा सोडला. मादी एका वेळी १० ते ३० अंडीच घालते. पण प्रत्येक अंडं साबुदाण्याच्या दाण्याएवढं, आत भरपूर बलक. तीन आठवडे ते तोंडात राहतं आणि बाहेर येतं ते थेट पोहणारं, स्वतः खाणारं पिल्लू. त्यामुळे या माशांची पैदास ‘करवून’ घ्यावी लागत नाही. नर, मादी, पोट भरलेलं आणि पाणी बरं असलं की ती होते. माणसाचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि बहुतेकांचं घोडं या आधीच्या कामातच अडतं.

पाणी

सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे. पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, ७ म्हणजे मधलं) साधारण ७.७ ते ८.६, तापमान वरच्या थरात २४ ते २८ अंश. घरी पीएच ८ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ राखलं तर पुरे. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. रोज हलणाऱ्या ८.२ पेक्षा न हलणारा ७.८ कधीही चांगला.

आपल्याकडे नळाला येणारं धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं: साबणाला भरपूर फेस, डाळ पटकन शिजते. बोअरचं पाणी अनेकदा जड: बादलीला पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही. मबुनांना हे दुसरं आवडतं. पण अंदाजावर जाऊ नका. थेंबांनी मोजायचे केएच आणि जीएच असे दोन टेस्ट किट घ्या. केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, तो पीएचला जागेवर धरून ठेवतो. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं माप. केएच ६ ते १० आणि जीएच ६ च्या पुढे असला की पाणी जमलं. शेतीभागातल्या बोअरला नायट्रेटही तपासा. खतांमुळे तो मुळातच जास्त असेल तर कितीही पाणी बदला, तो उतरणार नाही.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा. १०० लिटरमध्ये ३ ग्रॅम घातला की केएच साधारण १ अंशाने वाढतो. म्हणजे केएच २ असलेल्या नळाच्या पाण्याची २० लिटरची बादली ७ वर न्यायची तर ३ ग्रॅम, चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडा जास्त. जीएचसाठी एप्सम सॉल्ट: १०० लिटरला साडेचार ग्रॅम दर अंशाला. पण त्यातून फक्त मॅग्नेशियम मिळतं. कॅल्शियमसाठी फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून कोरलचा चुरा किंवा शिंपले ठेवा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा घालणं. धुण्याचा सोडा पीएच एकदम १० कडे नेतो आणि मासे तासाभरात जाऊ शकतात. दुसरी चूक जास्त फसवी आहे. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचं आणि सोडा मात्र अख्ख्या टँकच्या हिशेबाने घालायचा. टँकमध्ये राहिलेल्या पाण्यात आधीचा सोडा आहेच. सोडा बदललेल्या पाण्यापुरता, बादलीत विरघळवून, मगच टँकमध्ये. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी खाली गेली तर वरून घालायचं पाणी साधं, सोड्याशिवाय. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात.

उंच पीएचची एक किंमत मोजावी लागते. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि एक विषारी. २६ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी वाटा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. ८.२ ला तोच ९ टक्क्यांच्या घरात जातो. गोल्डफिशच्या टँकमध्ये खपून जाणारी घाण इथे दहा-पंधरापट महागात पडते. म्हणून मासे आणण्याआधी ४ ते ६ आठवडे फिल्टर चालवून त्यात जिवाणू तयार होऊ द्या. चिमूटभर खाद्य रोज टाका, त्याच्या कुजण्यातून अमोनिया मिळतो. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. दुकानदार ‘आजच टाका, औषध देतो’ म्हणाला तरी थांबा.

टँक आणि दगड

४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावतं. येलो लॅबच्या एका गटासाठी हे माप योग्य. ३ फुटीत जमतं, पण नरांच्या भांडणात माद्यांना पळायला जागा उरत नाही. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण प्रत्येक नर तळाचा तुकडा अडवतो. फिल्टर तासाला १५०० ते २००० लिटर पाणी फिरवणारा हवा आणि त्याच्या तोंडावर स्पंज बसवाच. नाहीतर सुटलेली पिल्लं फिल्टरच्या पोटात सापडतील.

दगडांसाठी महागडं काही लागत नाही. आपला काळा पाषाण पाण्यात काहीच सोडत नाही, बिनधास्त वापरा. शहाबादी फरशी मुळात चुनखडी आहे. जुन्या फरशीचे तुकडे कडा घासून एकावर एक टेकवले की उत्तम कपारी होतात आणि थोडं कॅल्शियमही मिळतं. रंग दिलेले किंवा धातूच्या चकाकत्या शिरा असलेले दगड नकोत. एकच नियम काटेकोर पाळा: दगड आधी, वाळू नंतर. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ थर्माकोल, त्यावर दगड पक्के बसवायचे, मग धुतलेली वाळू दोन-अडीच सेंटिमीटर. हे मासे खणतात. वाळूवर रचलेला ढीग एके रात्री खालून पोखरला जातो, आणि तो काचेवर पडला तर सकाळी आधी फरशी पुसायची असते.

कोण कोणाबरोबर

जोडी मागू नका. मबुनांमध्ये जोडी नसते. एक नर आणि एक मादी ठेवली तर नर तिला महिन्याभरात दमवून मारू शकतो. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, म्हणजे त्याचा त्रास वाटला जातो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, म्हणून ३ ते ४ सेंटिमीटरची १० ते १२ पिल्लं घ्यायची, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून, आणि वाढवायची. साधारण ६ ते ९ महिन्यांत, ६-७ सेंटिमीटरवर ती वयात येतात. नर थोडा मोठा, त्याच्या पोटाखालच्या परांवर गडद काळा. पण दबलेला नर फिका दिसतो आणि तोऱ्यातली मादी काळी, त्यामुळे रंगावर पैज लावू नये. खात्री हवी तर ओल्या हातात मासा उताणा धरून शेपटीच्या बाजूची दोन छिद्रं बघा. दोन्ही सारखी असतील तर नर, मागचं मोठं आणि गोल असेल तर मादी. जास्तीचे नर दुकानात परत द्या.

आता सर्वांत मोठा धोका, जो पाण्याशी नाही तर बाजाराशी निगडित आहे. मलावीच्या जाती तळ्यात शेकडोंनी एकमेकांशेजारी राहतात आणि रंग, जागा, वागणूक यांवरून आपला जोडीदार ओळखतात. टँकमध्ये पर्याय नसला की हे निकष ढिले पडतात. येलो लॅब आणि रेड झेब्रा (मलावीचाच दुसरा एक मबुना) यांचा संकर सहज होतो. पिल्लं पिवळी-नारिंगी, छान दिसतात आणि ‘येलो लॅब’ म्हणूनच विकली जातात. दुकानातल्या ‘असॉर्टेड आफ्रिकन’ टँकमधून घेतलेल्या माशांची पिल्लं कोणाची हे मग कुणालाच सांगता येत नाही. शुद्ध पैदास करायची तर एका टँकमध्ये मलावीची एकच जात ठेवा. पाठीच्या परावर काळी पट्टी स्पष्ट नाही, अंगावर आडवे-उभे पुसट पट्टे आहेत किंवा पिवळ्यात नारिंगी झाक आहे, असे मासे पैदाशीला घेऊ नका.

खाणं थोडक्यात: स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेले दाणे किंवा फ्लेक्स, दिवसातून दोनदा, अर्ध्या मिनिटात संपेल इतकंच. येलो लॅब निसर्गात खडकांवरचे छोटे किडे-गोगलगायी टिपतो, म्हणून अधूनमधून गोठवलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) चालतं. मटण-चिकन, हृदयाचं मांस हे अजिबात नको. जड खाणं आणि सततची भीती यांतून ‘मलावी ब्लोट’ होतो: मासा खाणं थांबवतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, मग पोट फुगतं. फुगल्यानंतर वाचणं कठीण. विष्ठा पांढरी दिसली त्याच दिवशी मासा वेगळा काढा, खाणं बंद करा आणि मेट्रोनिडाझोल हे औषध सुरू करा, ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, एक दिवसाआड पाणी बदलून. ते मिळवताना जनावरांच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

अंडी

नर एखाद्या दगडाजवळ खड्डा करतो, मादीपुढे अंग थरथरवतो. मग दोघं गोल गोल फिरू लागतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीशी. मादी एखाद-दोन अंडी घालते, वळते आणि लगेच ती तोंडात घेते. इतकी लगेच, की नराला फळवायला वेळच मिळत नाही. इथे मबुनांची खरी करामत. अनेक नरांच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यासारखे गोल ठिपके असतात. मादी तिथे चोच मारते, नर शुक्राणू सोडतो आणि फलन मादीच्या तोंडात होतं. हे ठिपके अंड्यांची नक्कल आहेत असं वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडलं. ठिपके पुसट असले तरी मादी त्याच जागी तोंड नेते, त्यामुळे नराला ठिपके नाहीत म्हणून काळजी करू नये.

हा सोहळा तासाभरात संपतो आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ती नंतरची मादी. हनुवटी खाली फुगलेली, तोंड पूर्ण मिटत नाही, मधूनच चघळल्यासारखी हालचाल (ती अंडी फिरवत असते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं), आणि खाणं टाकलं की तोंड फिरवणं. तो दिवस कॅलेंडरवर लिहा. पुढचं सगळं या तारखेवर अवलंबून आहे.

पहिलटकरीण बहुधा अंडी गिळते. चौथ्या-पाचव्या दिवशी हनुवटी सपाट दिसली तर समजा गेली. पाण्यात दोष शोधत बसू नका आणि टँक ढवळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिला जमतं. अनुभवी मादीही दरवेळी गिळत असेल तर मात्र कारण शोधावं लागतं. नर नापीक किंवा फार लहान असू शकतो, किंवा टँकमध्ये तिला इतका त्रास असतो की ती तोंडात काही ठेवूच शकत नाही.

२६ अंशाला चार-सहा दिवसांत अंडी फुटतात. आत शेपटी आणि डोळे असलेला बलकाचा गोळा असतो. बलक संपायला १८ ते २१ दिवस लागतात. पाणी थंड असेल तर जास्त.

आता तीन वाटा आहेत. पहिली, काहीच न करणं. मादी टँकमध्येच पिल्लं सोडते. दगडांतल्या कपारी बारीक असतील तर दोन-चार जगतात, बाकीची इतरांचा नाश्ता होतात. पिल्लं विकायची नसतील तर हाच मार्ग सर्वांत समंजस.

दुसरी, मादीला १५ व्या दिवसाच्या सुमारास ४०-५० लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये हलवणं आणि तिला तिच्या वेळेने सोडू देणं. रात्री दिवे बंद असताना, टॉर्चच्या उजेडात, जाळीने टँकच्या कोपऱ्यात ढकलून पारदर्शक डब्यात घ्या. दिवसा पाठलाग केला तर ती जाळीतच पिल्लं थुंकते. वेगळ्या टँकचं पाणी मोठ्या टँकचंच असावं. पिल्लं सोडल्यावर तिला दोन-तीन दिवस एकटीला खायला द्या, मग परत. जास्त दिवस बाहेर ठेवलं तर गटातलं तिचं स्थान जातं आणि परत आल्यावर नव्या माशासारखा मार खावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे स्ट्रिपिंग, हाताने पिल्लं काढणं. १८ व्या दिवसानंतर करायचं. टँकचंच पाणी असलेल्या पसरट भांड्यावर मादीला ओल्या हातात, डोकं खाली करून धरा. बोथट प्लॅस्टिकच्या काडीने खालचा जबडा हलकेच उघडा आणि तोंड पाण्यात बुडवून पुढे-मागे हलवा. पिल्लं आपोआप बाहेर पडतात. दहा सेकंदांत जमलं नाही तर तिला पाण्यात सोडून श्वास घेऊ द्या, मग पुन्हा. जबडा जोराने उघडला तर तो निखळतो. अशी मादी नंतर धड खात नाही. स्ट्रिपिंगचं फार कौतुक होतं, पण सराव नसलेल्या हाताला दुसरी वाटच बरी.

दहाव्या दिवसाआधी काढलेल्या अंड्यांना सतत हलवत ठेवणारं टंबलर लागतं: जाळीचा तळ असलेली नळी, खालून हवेच्या पंपाने पाणी इतकंच ढकलायचं की अंडी लोळतील, उडणार नाहीत. उडाली तर बलकाची पिशवी फाटते. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. बुरशीविरुद्ध मिथिलीन ब्लू, १ टक्का द्रावणाचे ०.२ मिलिलिटर दर लिटरला. ते मोठ्या टँकमध्ये घालू नका, फिल्टरचे जिवाणू मरतात.

पिल्लं

बलक पोटात शिल्लक असेपर्यंत खायला देऊ नका, न खाल्लेलं खाद्य कुजतं. पोट सपाट झालं की सुरू. पिल्लू या वेळी सेंटिमीटरभर असतं, म्हणजे गप्पीच्या पिल्लाहून मोठं, आणि कुस्करलेले फ्लेक्स पहिल्या दिवसापासून खातं. तरी आठवडाभर ताजं आर्टेमिया दिलं तर वाढीत फरक दिसतो. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, २८ अंश, तळापासून जोरात हवा, वर दिवा. २४ ते ३६ तासांत नारिंगी ढग तयार होतो. हवा बंद करून टरफलं वर तरंगू द्या, खालचे जिवंत कण नळीने ओढून घ्या आणि गोड्या पाण्यात गाळून द्या.

पिल्लांच्या टँकमध्ये आधीच मोठ्या टँकच्या फिल्टरमध्ये मुरवलेला स्पंज फिल्टर वापरा. नवा कोरा स्पंज दिसतो तसाच, पण त्यात जिवाणू नसतात. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं, एक दिवसाआड २५ टक्के पाणी, तळाची घाण बारीक नळीने. असं केलं तर अडीच-तीन महिन्यांत ती अडीच सेंटिमीटरची होतात. वाढ अडली तर खाण्याआधी पाणी तपासा.

वीज गेली की मोठे मासे काही तास तग धरतात, दाटीतली पिल्लं नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप पिल्लांच्या टँकला लावून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० च्या वर गेलं तर झाकण उघडून पाण्यावर पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, मुंबईच्या दमट हवेत जेमतेम.

आणि हिशेब आधी करा. मादी साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अंडी घेते. चार माद्या, प्रत्येकीची पंधरा पिल्लं, वर्षातून सहा वेळा: ३६० मासे, ज्यांना प्रत्येकी दहा सेंटिमीटर व्हायचं आहे. जवळचा दुकानदार किती घेईल आणि कोणत्या मापाची घेईल हे स्ट्रिपिंगच्या आधी विचारा. वाकड्या पाठीची, जबडा न मिटणारी पिल्लं त्याला देऊ नका आणि पैदाशीलाही ठेवू नका. उरलेली नदीत-तळ्यात सोडणं तर नाहीच. तिथे आधीच चिलापी आहे. जागा संपली की माद्यांना पिल्लं मोठ्या टँकमध्येच सोडू द्या, बाकीचं काम टँकमधले मासे करतात.